रंगमावशीच्या रक्तातला धातू

दोरे रंगवण्याच्या त्या कारखान्यात यंत्रं बरीच होती, पण शेवटचा शब्द एका बाईच्या डोळ्यांचा असे. तिला सगळे रंगमावशी म्हणत. गिऱ्हाईक आपल्या कापडाचा तुकडा पाठवी, त्याबरहुकूम दोऱ्याचा लॉट रंगे, आणि तो वाळून बाहेर आला की एक लडी मावशीच्या टेबलावर यायची. टेबलाला राखाडी रंग दिलेला होता, कारण भडक पृष्ठभागावर डोळे फसतात. खिडकी अशी होती की तिच्यातून ऊन कधी थेट आत येत नसे. मावशी नमुना आणि लडी शेजारीशेजारी ठेवायची, मान जरा तिरकी करायची आणि म्हणायची, "बसला." किंवा म्हणायची, "नाही बसला, लाल चिमूटभर पुढे गेलाय." मग कोणाची टाप होती वाद घालायची! मालकसुद्धा गप्प बसत. मावशी उगवत्या सूर्यालाही 'पिवळा कमी पडलाय' म्हणून परत पाठवेल, अशी तिची थट्टा व्हायची आणि तिला ती आवडायची.

तिचा एकच कडक नियम होता. नमुना शेजारी ठेवल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. नव्या पोरींना ती पहिल्याच दिवशी बजावायची, "आठवणीवर जाऊ नका. आठवणीतला रंग कधी खरा नसतो. मन त्यात आपलं पाणी मिसळतं." एखादी म्हणाली, "मावशी, हा तर कालचाच निळा, मला पाठ आहे," तर ती तिला तस्सं उठवून नमुना आणायला लावायची. लग्न तिने केलं नव्हतं. आई गेली तेव्हा पदरात धाकटा भाऊ होता. त्याला वाढवता वाढवता स्वतःचं वय कधी निघून गेलं ते कळलं नाही, असं ती सांगे. यात थोडं खरं होतं आणि थोडी बढाई होती. तिला कोणाच्या ताब्यात जायचं नव्हतं, हे तिच्या भावाला चांगलं ठाऊक होतं.

तो भाऊ, धाकटा, त्याच कारखान्यात रंगखोलीत होता. रंगखोली म्हणजे जिथे रंगाची पूड डब्यांतून काढून तराजूवर तोलतात आणि पाण्यात कालवतात ती जागा. तोलण्याचं काम त्याचं. अबोल माणूस, हाताचा मोजका, झाकणं लावण्यात तर इतका काटेकोर की त्याची बायको म्हणायची, यांना दिवसभर डबे बंद करायची सवय, म्हणून तोंडही उघडत नाहीत. ताईने काम शिकवलं, ताईने नोकरीला लावलं, ताईने लग्न ठरवलं. ताई म्हणेल ती पूर्व दिशा, असं त्याचं आयुष्य चाललं होतं आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नव्हता.

आता तिच्या खुब्याची गोष्ट. काही वर्षांपूर्वी ती कारखान्यातल्या ओल्या फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांधा बदलला. मांडीच्या हाडात एक धातूची दांडी, तिच्या टोकावर चिनीमातीच्या जातीचा एक कठीण, गुळगुळीत गोळा आणि तो फिरायला एक वाटी. दोन-तीन वर्षं बरी गेली. मग एक दिवस बाकावरून उठताना आतून कट्ट असा आवाज झाला आणि पाय गेला. गोळा फुटला होता. पुन्हा शस्त्रक्रिया झाली, फुटके तुकडे वेचून काढले आणि या वेळी धातूचा चकचकीत गोळा बसवला. "आता हा फुटायची भीती नाही," असं त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं. गोळा फुटला नाही. मावशीचा तो पाय असा सुधारला की दुसऱ्या, देवाने दिलेल्या पायाला लाज वाटावी. गुडघे कुरकुरायचे, पाठ धरायची, खांदा भरून यायचा, पण खुबा मात्र गुणी. "माझ्या अंगात विकत घेतलेला तेवढा एकच अवयव आहे, आणि तेवढाच कामाचा आहे," असं ती हसून सांगायची.

पहिल्यांदा तपकिरी रंगाने दगा दिला. एका गिऱ्हाइकाकडून आख्खा लॉट परत आला. कॉफीसारखा तपकिरी हवा होता, दोरा मातकट हिरवट झाला होता. मावशीने तो स्वतः पास केला होता. तिने तो पुन्हा खिडकीपाशी नेऊन पाहिला, तिला तो बसलेलाच दिसला. मालकांनी धाकट्याला बोलावलं. धाकट्याने एकदा लडीकडे पाहिलं, एकदा नमुन्याकडे, एकदा ताईकडे, आणि त्याला सगळं कळलं. तोललेलं त्याचं बरोबर होतं. यंत्रात काहीतरी कमीजास्त झालं असेल, पण ते पकडायचं काम ज्या डोळ्यांचं होतं त्यांनी ते पकडलं नव्हतं. तो म्हणाला, "माझ्याच वजनात चूक झाली."

खोटं बोलायची त्याची बहुधा ती पहिलीच वेळ असेल. आणि ते त्याला जमलं, हेच वाईट झालं. कारण मग दुसऱ्या वेळी तोच इलाज सापडला, आणि तिसऱ्या वेळीही. कधी तो मावशीच्या टेबलावर लडी जायच्या आधीच स्वतः नमुन्याशी लावून पाही, पटली नाही तर गुपचूप लॉट पुन्हा रंगवायला लावी. कधी सुटून जाई आणि मग बोलणी खाई. सर्वांदेखत बोलणारी मावशीच असायची. "डोळे कुठे असतात रे तुझे?" असं तिने त्याला रंगखोलीच्या दारात उभं राहून विचारलं, आणि तो खाली मान घालून तराजू पुसत राहिला. तिला खरोखरच वाटत होतं की भाऊ बिघडला. आपल्या डोळ्यांवर तिने कधी संशय घेतला नाही. आयुष्यभर ज्याच्या जोरावर मान मिळाला त्यावर माणूस संशय घेत नाही.

पुढे अंगात एकेक कुरबूर सुरू झाली. कानात सतत शिटी वाजल्यासारखा आवाज. बोटांची टोकं बधिर, सुईत दोरा ओवता येईना. घराचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबून दम घ्यावा लागायला लागला. वय झालं, म्हणाली ती, आणि शेजारणींनीही वय झालं म्हणून दुजोरा दिला. पण एका संध्याकाळी रस्ता ओलांडताना तिला सिग्नलचा लाल दिवा पेटलाय की हिरवा, ते कळेना. वरचा पेटलाय म्हणजे लाल, असा तिने हिशोब केला, आणि मग त्या हिशोबानेच ती हादरली. रंग ओळखायला जिला हिशोब करावा लागतो तिने पास केलेल्या दोऱ्यांचं काय? ती फुटपाथवर बराच वेळ उभी राहिली. घरी येऊन जेवली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मोतीबिंदू नव्हता, पडदा ठीक होता. डोळ्यांकडून मेंदूकडे जाणारी शीर मात्र मलूल पडली होती. "काम काय करता?" त्यांनी विचारलं. मावशीने सांगितलं. बाईंनी रक्त आणि लघवी तपासायला पाठवली, आणि अहवाल आला तो असा की दोन धातू, कोबाल्ट आणि क्रोमियम, दोन्ही नको तितके वर. त्यातही कोबाल्टने कळस केला होता. पक्क्या रंगाच्या काही पुडींमध्ये नेमके हेच दोन धातू असतात, हे रंगखोलीत झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक. दोन आणि दोन चार झाले. कारखान्याच्या डॉक्टरांनी अहवालावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "पूड उडतेय. श्वासातून जातेय." त्यांना तिच्या खुब्याची माहिती होती, त्यांच्याच चिठ्ठीवर ती पहिल्यांदा रुग्णालयात गेली होती. पण खुबा दुखत नव्हता, आणि जे दुखत नाही त्याची चौकशी कोण करतो?

मालक काही राक्षस नव्हते. घाबरलेले होते. उद्या सरकारी तपासनीस दारात आला तर काय दाखवायचं, ही त्यांची चिंता होती. त्यांनी केबिनमध्ये मावशीला खुर्ची दिली, धाकट्याला उभं ठेवलं.

"पूड उडायला नको, त्यासाठी झाकणं आहेत, पंखा आहे," ते म्हणाले. "मग उडते कशी? मावशी, तुम्ही इतकी वर्षं बघताय. तुम्हाला काय वाटतं?"

मला माहीत नाही, एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं. पण डोळे जाणार हे कळून जेमतेम आठवडा झाला होता, तिच्या पोटात आग पडली होती, आणि त्या आगीला कोणीतरी माणूस हवा होता.

"गेलं वर्षभर याचं लक्ष नाही," ती म्हणाली. "वजनं चुकतायत, ते तुम्ही पाहिलंच आहे. ज्याचा तराजू ठिकाणावर नाही त्याची झाकणं तरी कुठे ठिकाणावर असणार? उघडी टाकली असतील."

धाकट्याने मान वर केली. तोंड उघडलं. तो आता काहीतरी बोलणार, असं मालकांनाही वाटलं. वजनांचं खरं सांगायचं म्हणजे ताईचे डोळे वर्षभरापासून जात होते आणि ती तरीही लॉट पास करत होती, हे सांगायचं. त्याने तोंड मिटलं.

"असेल," तो म्हणाला. "चुकलं असेल माझं."

त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की इथला संन्यासी आपणहून सुळावर चढला.

मावशीला मानाने घरी बसवलं. कारखान्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, "पुडीपासून लांब राहा. मोकळ्या हवेत चाला. जितकं चालाल तितकं लवकर हे लघवीवाटे निघून जाईल." मावशी आज्ञाधारक रोगी होती. रोज पहाटे उठून ती कालव्याच्या कडेने चालायची, पुलापर्यंत जायची, पुलाच्या पायऱ्या चढायची, उतरायची, परत यायची. दम लागला तर थांबायची आणि पुन्हा चालायची. संध्याकाळी पुन्हा एक फेरी. खुबा बिचारा कधी नाही म्हणाला नाही. शेजारणी म्हणायच्या, या वयात काय जिद्द आहे बाईची!

काही महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा वर गेला होता.

कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, तपासणीत चूक असणार. रक्त काढायची सुईसुद्धा धातूची असते, तिच्यातलंही जरासं उतरतं. म्हणून पुढच्या खेपेला रक्त काढणाऱ्या मुलीने पहिली नळी भरून बाजूला टाकून दिली आणि दुसरी पाठवली. आकडा त्याहूनही वर. मग डॉक्टरांना वाटलं, घरात पूड साचली असेल. मावशीने कामावरच्या साड्या पोत्यात भरून टाकून दिल्या, भिंती धुवून घेतल्या, गादी बदलली. दुखणं हेल्याला आणि डाग पखालीला, असा तो सगळा कारभार चालला होता.

त्याच दिवसांत एकदा भावजय आली. धाकटा तेव्हा धान्याच्या गोदामात पोती उचलायला लागला होता आणि घरी आल्यावर कोणाशी बोलत नव्हता. भावजय ते सांगायला आली होती. मावशीने दार अर्धंच उघडलं.

"अगं, त्याचे कपडे तूच धुतेस ना?" ती म्हणाली. "पुडीचे कण जात नाहीत लवकर. त्या हातांनी आत नको येऊस."

भावजय दारातच थोडी थांबली. मग हातातली पिशवी न देता तशीच जिना उतरून गेली. मावशीने दार लावलं. तिला वाईट वाटलं नाही, असं नाही. पण आपलं बरोबर आहे, हे तिला त्याहून जास्त वाटलं.

अखेर खुब्यानेच तोंड उघडलं. जांघेत सूज आली, मोठ्या लिंबाएवढी. दुखत फारशी नव्हती, नुसती जड. हाडांच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. हे डॉक्टर नवीन होते, पूर्वीचे कधीच दुसरीकडे गेले होते. त्यांनी फोटो काढला, जुने कागद वाचले, पहिला गोळा फुटला होता हे कळल्यावर तिथेच थांबले, आणि मग रक्ताचे अहवाल मागितले.

"कारखाना सोडून किती दिवस झाले?"

"वर्ष होत आलं."

"आणि तेव्हापासून कोबाल्ट वाढतोय?"

"हो. घरसुद्धा धुवून काढलं मी."

डॉक्टरांनी सुजेत सुई घालून सांध्यातलं पाणी काढलं. निरोगी सांध्यातलं पाणी फिकट पिवळसर आणि बुळबुळीत असतं. नळीत आलं ते गढूळ होतं, पाटीवरची अक्षरं पुसल्यावर फडकं पिळावं तसं. मावशीने नळी हातात मागून घेतली, सवयीने उजेडाकडे धरली, मान तिरकी केली.

"यात रंगच नाही," ती म्हणाली.

"बरोबर बोललात. धातूचा गाळ आहे हा."

मग त्यांनी तिला समजेल असं सांगितलं. पहिला गोळा फुटला तेव्हा तुकडे काढले, पण त्याची रेतीसारखी बारीक कच आत राहिली. ती कोणालाच पूर्ण काढता येत नाही. आणि त्या कचेवर कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा गोळा बसवला. कच धातूपेक्षा कठीण. म्हणजे जात्यात धान्याऐवजी वाळू पडावी तशी गत. प्रत्येक पावलाला गोळा थोडा थोडा घासला जात होता. घासलेला चुरा सांध्याभोवतीच्या मांसात साचून ते काळं पडतं. त्यातला काही भाग सांध्याच्या पाण्यात विरघळतो, मीठ विरघळावं तसा, दिसेनासा होतो, आणि तिथून रक्तात उतरतो. रक्ताबरोबर तो काळजापर्यंत जातो, कानापर्यंत जातो, डोळ्यांच्या शिरेपर्यंत जातो.

"कोबाल्ट शरीरात फार थांबत नाही," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडं त्याला भराभर बाहेर काढतात. तो कारखान्यातून येत असता तर तुम्ही घरी बसल्यावर थोड्याच आठवड्यांत आकडा धाडकन खाली आला असता. आला नाही. म्हणजे नळ बाहेर नाही, आत आहे. आणि चालूच आहे."

"मी रोज चालत होते," मावशी म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ. पुलाच्या पायऱ्या चढत होते. विष उतरावं म्हणून."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो वळसाही तिने त्याच पायांनी घातला होता, आणि प्रत्येक पावलागणिक जातं फिरवलं होतं.

पण मावशीच्या मनात चालण्याचं दुःख फार टिकलं नाही. तिथे दुसरंच काही वर येत होतं. तिने हळू विचारलं, "डॉक्टर, जो माणूस रोज त्या पुडीत हात घालतो, त्याच्या रक्तात किती निघेल?"

"नीट काळजी घेत असेल तर फारसं नाही. का, कोणाचं तपासलं होतं का? तुमच्या त्या रंगखोलीत कोण काम करायचं?"

कोणाचंच तपासलं नव्हतं. कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मावशीला शरम वाटली. आयुष्यभर तिने नमुना शेजारी ठेवल्याशिवाय दोऱ्याची एक लडी पास केली नव्हती की नापास केली नव्हती. भावाचा निकाल मात्र तिने नुसत्या मनाने दिला. नमुना तर समोर उभा होता, केबिनमध्ये, खाली मान घालून. पूड जर कोणाला लागायची तर आधी त्याला लागायची. तो दिवसभर पुडीवर वाकलेला असायचा आणि मावशी दोन भिंतींपलीकडे बसायची. त्याचे डोळे स्वच्छ होते. त्याला जिना चढताना दम लागत नव्हता. एवढं शेजारी ठेवून पाहिलं असतं तरी शेंबड्या पोरालाही उत्तर कळलं असतं.

शस्त्रक्रिया झाली. काळीज अशक्त झालेलं होतं, त्यामुळे टेबलावरून परत येईल की नाही याची डॉक्टरांनाही खात्री नव्हती. ती परत आली. धातूचा गोळा काढला, काळं पडलेलं मांस खरवडलं, पुन्हा त्या जुन्या, कचेने न झिजणाऱ्या चिनीमातीच्या जातीचा गोळा घातला. रक्तातला आकडा पायऱ्या उतरावा तसा उतरत गेला. कानातली शिटी बारीक झाली, दम पुष्कळ कमी झाला. बोटांत थोडी जाण आली. रंग मात्र आले नाहीत. लाल, हिरवा, तपकिरी, सगळं एकाच चिखलातलं. शीर एकदा सुकली की सुकली, असं डोळ्यांच्या बाईंनी सांगितलं. मावशी रडली नाही. तिला रडायचा हक्क राहिलाय असं वाटत नव्हतं.

काठीवर चालता यायला लागल्यावर ती आधी कारखान्यात गेली. मालकांना सगळं सांगितलं. पूड नव्हती, झाकण नव्हतं, माझाच खुबा होता, माझ्या भावाला परत घ्या.

मालक टेबलावरची काच पुसू लागले. मग म्हणाले, "घेतो. घ्यायलाच हवं. आणि मावशी, आणखी एक आहे. तुमच्या जागेवर आम्ही रंग मोजायचं यंत्र आणलं. ते चालवणाऱ्या पोराने आल्या आल्या परत आलेले जुने लॉट आणि वजनांची वही तपासली. रंगखोलीतली वजनं सगळी बरोबर होती. लडी चुकीच्या पास झाल्या होत्या."

"कधी कळलं तुम्हाला?"

"झाले काही महिने. तुम्ही आजारी होतात. म्हटलं, कशाला सांगा."

वजनं बरोबर होती. म्हणजे तो खोटं बोलला होता, तिच्यासाठी, आणि ज्या खोट्याने त्याने तिला झाकलं त्याच खोट्याचा तिने त्याच्याविरुद्ध पुरावा केला. मालकांचा तिला राग आला, पण तो फार वेळ धरून ठेवता येईना. मालकांनी काही महिने तोंड बंद ठेवलं. तिने तर उघडलं होतं.

ती तिथूनच भावाच्या घरी गेली. दार भावजयीने उघडलं, आणि उंबऱ्यातच आडवी उभी राहिली.

"वन्सं, हात धुतलेले नाहीत माझे," ती म्हणाली. "चालेल का?"

भावजयीने मावशीला खालून वर पाहिलं, काठी पाहिली, आणि बाजूला झाली.

धाकटा कामावरून आलेला होता. खांद्यावर पोत्यांनी घट्टा पडला होता आणि पाठ जरा वाकली होती. ताईला पाहून तो उठला, कारण तसं वळण होतं. ती खुर्चीवर बसली आणि तिने एका दमात सगळं सांगितलं: गोळा, कच, सांध्यातलं काळं पाणी, नळ आत होता तो. वजनांचंही सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुझी काही चूक नव्हती. एकही नव्हती. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. माझ्या जिभेला काय झालं होतं कोणास ठाऊक."

तो ऐकत होता. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडत होती. तिला वाटत होतं, आता याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलेल.

"डोळे येतील का तुझे?" त्याने विचारलं.

"नाही. ते गेले."

"हं."

"मालक तुला परत घ्यायला तयार आहेत. स्वतः म्हणाले. उद्यापासून ये म्हणाले."

"नको ताई."

"अरे, रागावलास तर रागाव माझ्यावर. माझ्या थोबाडीत मार. पण काम कशाला सोडतोस? तुझ्यासारखा हात नाही तिथे कोणाचा. झाकण उघडं नव्हतंच रे. तसं काही झालंच नव्हतं."

"झालं होतं," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एखाद्याला पत्ता सांगावा तसा तो सांगत होता. "पहिल्यांदा मलाही वाटलं, असं कसं होईल, मी तर दहादा बघतो. पण तू म्हणालीस. तुझं कधी चुकलं नाही. म्हणून मग मी आठवायला लागलो. पोती उचलताना दिवसभर तेच आठवायचो. आणि आठवलं मला. शनिवार होता. निळ्या पुडीचा डबा होता, खालच्या फळीवरचा. मी हात पुसायला वळलो आणि झाकण तसंच राहिलं. खिडकीतून वारा आला. तू दारातून मला हाक मारत होतीस, आणि पूड उडून तुझ्या चेहऱ्यावर गेली. मी बघितलंय, ताई. रोज दिसतं."

"अरे, पण असा शनिवार नव्हताच," मावशी म्हणाली. "डॉक्टरांचा कागद आहे माझ्याकडे. वाच."

तिने कागद पुढे केला. त्याने तो घेतला, खरोखर शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घालून तिला परत दिला.

"असेल," तो म्हणाला. "खुब्यातलंही असेल. पण माझ्या हातून झाकण उघडं राहतं. मी पुन्हा त्या खोलीत पाय ठेवणार नाही."

मावशीने भावजयीकडे पाहिलं. भावजय रडायची थांबली होती आणि आता तिच्याकडेच पाहत होती, ही बाई आता काय बोलणार म्हणून. मावशीच्या एका शब्दावर त्याने स्वतःला दोषी धरलं होतं, आणि आता तिच्या शंभर शब्दांनी ते सुटत नव्हतं.